तीव्र उतार, दाट झाडी आणि आजच्या पद्धतीचं घर: सुरुवात कुठून करायची?

तिरपा_प्लॉट

नमस्कार मंडळी. घर बांधायला घेतलंय, म्हणजे अजून कागदावरच आहे, पण आता असा टप्पा आलाय की एकदा दिशा ठरली की मागे फिरता येणार नाही, म्हणून इथे विचारतेय.

जागा डोंगरउतारावर आहे. वरच्या बाजूने रस्ता, खालच्या बाजूला ओढा, आणि मधे सगळी झाडं, त्यातली बरीच जुनी आणि मोठी. सर्व्हेवाल्याने उतार सरासरी ३० अंश काढलाय. म्हणजे आडवं १० मीटर गेलं की आपण पावणेसहा मीटर खाली आलेलो असतो. आम्हाला साधारण दीडशे चौरस मीटरचं घर हवंय, मोकळं, मोठ्या काचा, साध्या सरळ रेषा. जुन्या घराची नक्कल नकोय. पण जंगल आहे म्हणून ती जागा घेतली, तेच कापून घर उभं केलं तर मग काय अर्थ.

आमच्या आर्किटेक्टनी दोन पर्याय दिलेत. पहिला, डोंगर कापून सपाट टप्पा करायचा, मागे रिटेनिंग वॉल, म्हणजे डोंगराची माती अडवणारी भिंत, आणि त्या टप्प्यावर एकमजली घर. दुसरा, स्टीलच्या उंच खांबांवर घर, जमिनीला हात कमीत कमी. पहिल्याचं म्हणणं की सोपं आणि भक्कम, दुसऱ्याचं म्हणणं की निसर्गाला धरून. मला मनातून दुसरा आवडतोय, नवऱ्याला पहिला. सासूबाई आमच्याबरोबर राहणार आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात, हेही लक्षात घ्यायचंय. तुम्ही काय कराल?

काचघर

ताई, दोन्ही पर्याय जरा बाजूला ठेवा. ३० अंशांच्या उतारावर आधी प्लॅन काढला की फसायला होतं, आधी सेक्शन काढायला सांगा. म्हणजे रस्त्यापासून ओढ्यापर्यंत डोंगर उभा कापला तर कसा दिसेल ते, आणि एक नाही, जागेत तीनचार ठिकाणी. सरासरी ३० अंश म्हणजे कुठेतरी २० असणार आणि कुठेतरी ४०, आणि घराची जागा बहुतेक वेळा त्या फरकातूनच सापडते.

सर्व्हे कसा झालाय ते विचारा. अर्ध्या मीटरच्या कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, हव्यात, आणि त्यावर प्रत्येक मोठं झाड हवं, नुसता ठिपका नाही तर बुंध्याची जाडी, फांद्यांचा घेर आणि बुंध्यापाशी जमिनीची लेव्हल. मोठे दगड, वर आलेला कातळ, ओलसर जागा, पाणी वाहिल्याच्या खुणा हे सगळं त्याच नकाशावर पाहिजे. हे नसेल तर आर्किटेक्ट कितीही चांगला असू दे, तो कोऱ्या कागदावर डिझाईन करतोय, तुमच्या डोंगरावर नाही.

आणि 'कापायचं की खांबांवर' हे असं एक किंवा दुसरं नसतं हो. आर्किटेक्ट लिना बो बार्डीचं ब्राझीलच्या साओ पावलोमधलं स्वतःचं काचेचं घर बघा, १९५१ मधलं. पुढचा अर्धा भाग बारीक खांबांवर, काचेचा, मधल्या चौकातून एक झाड वर गेलेलं, आणि मागचा अर्धा भाग चक्क जमिनीवर बसलेला, भिंती असलेला, झोपायच्या खोल्या आणि स्वयंपाकघर तिथे. आधुनिक घराचं इतकं समजूतदार उदाहरण मला दुसरं आठवत नाही, कारण उताराला जिथे जे झेपतं तिथे ते दिलंय.

तुळई

स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणून लिहितोय, थोडं लांबेल.

आधी पर्याय एकचं गणित. १० मीटर रुंद सपाट जागा हवी असेल आणि सगळी कापूनच काढली तर मागची भिंत पावणेसहा मीटर उंच होते, दोन मजल्यांपेक्षा जराशीच कमी. अर्धं कापून अर्धं भरलं तर मागे जवळपास तीन मीटर आणि पुढे तीन मीटरचा भराव. हा भराव लोक सहज धरतात आणि तोच सगळ्यात वाईट. सुटी माती साधारण ३० ते ३५ अंशांवर कशीबशी उभी राहते आणि तुमचा उतारच ३० चा आहे, म्हणजे टाकलेली माती थांबायला खाली जागाच नाही. घराचा कुठलाही पाया भरावावर नको, हे लिहून घ्या.

दुसरं, रिटेनिंग वॉल पडते ती बहुतेक वेळा मातीमुळे नाही, पाण्यामुळे. मागे पाणी साठलं की प्रत्येक मीटर खोलीला चौरस मीटरमागे एक टन दाब वाढतो. कोरड्या मातीचा जेवढा रेटा असतो त्याच्या जवळपास दुप्पट रेटा पाणी भरल्यावर येतो. म्हणून भिंतीमागे खडी, जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड), तळाला भोकं असलेला पाईप आणि भिंतीतून वीप होल, म्हणजे पाणी बाहेर पडायची भोकं, हे सगळं भिंतीइतकंच महत्त्वाचं, आणि काम घाईत असलं की नेमकं हेच गाळलं जातं कारण नंतर दिसत नाही.

आता खांबांवरच्या घराबद्दल. लोकांना वाटतं खालचे लांब खांब धोक्याचे. भूकंपात उलटं होतं. वरच्या बाजूचे खांब आखूड असतात आणि आखूड खांब ताठ असतो, ताठपणा उंचीच्या घनाच्या उलट प्रमाणात जातो. एकाच मापाचे दोन खांब घ्या, एक ३ मीटर आणि एक १ मीटर, दोन्ही टोकांना पक्के. आखूड खांब २७ पट ताठ. घर आडवं हललं की जवळजवळ सगळा भार त्या बिचाऱ्या आखूड खांबांवर येतो आणि ते आधी फुटतात. उपाय आहेत. आखूड खांबांचा पाया खोल खड्ड्यातून सुरू करून आजूबाजूला मोकळी जागा ठेवायची म्हणजे सगळ्यांची मोकळी लांबी जुळते, किंवा वरच्या बाजूला एक ताठ आरसीसी गाभा, जिना बाथरूम वगैरेचा, डोंगरात घट्ट रोवायचा आणि आडवा भार त्याच्यावरच द्यायचा, बाकी खांब फक्त वजन उचलतील. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, आणि काचघर यांनी वर जे उदाहरण दिलंय त्याच्याशी तो आपोआप जुळतो.

पण या सगळ्याच्या आधी जिओटेक्निकल रिपोर्ट, म्हणजे जमिनीखालची माती आणि कातळ तपासून केलेला अहवाल. झालाय का?

उनाड_मांजर

वाचतेय. आमचाही उतारच आहे, एवढा नाही पण. धागा बुकमार्क केलाय.

तिरपा_प्लॉट

@तुळई, रिपोर्ट अजून नाही. आर्किटेक्ट म्हणाले डिझाईन ठरलं की खांबांच्या जागी माती तपासायचे बोअर घेऊ. ते चुकीचं आहे का?

तुळई

चुकीचं म्हणण्यापेक्षा उशिरा आहे. खांब कुठे ठेवायचे हेच त्या रिपोर्टवरून ठरायला हवं ना. तुम्हाला तीन गोष्टी कळायला हव्यात: कातळ किती खोल आहे, थर कुठल्या दिशेला झुकलेत, आणि पाणी जमिनीखाली कुठे आहे. थर उताराच्याच दिशेने झुकलेले असतील तर तिरप्या फळीवर रचलेल्या वह्यांसारखं होतं, खालची कड कापली की वरचं घसरायला मोकळं. थर डोंगरात आत झुकलेले असतील तर तोच उतार बराच सुरक्षित. वरून दोन्ही डोंगर सारखेच दिसतात.

उताराच्या स्थिरतेचं गणित पण मागा, घराच्या वजनासकट आणि पाणी भरलेल्या अवस्थेत. कायमच्या कामासाठी साधारण १.५ चा फॅक्टर ऑफ सेफ्टी धरतात, म्हणजे उताराला धरून ठेवणारा जोर घसरवणाऱ्या जोराच्या दीडपट.

तोपर्यंत तुम्ही स्वतः जागेवर फिरून बघू शकता. झाडांचे बुंधे तळाशी खालच्या बाजूला झुकून मग वर सरळ झालेत का? एखादं झाड असेल तर प्रकाशासाठीही वाकतं, पण एका पट्ट्यातली सगळी तशीच असतील तर माती हळूहळू सरकतेय. जमिनीत अर्धगोल भेगा, मधेच फुगवटे, कोरड्या दिवसातही ओली राहणारी जागा, हे सगळं टिपून ठेवा आणि इंजिनियरला दाखवा.

मूळखोड

मी झाडांची बाजू मांडते, कारण घराच्या चर्चेत झाड म्हणजे बुंधा एवढंच धरलं जातं. झाड वाचवलं म्हणतात आणि दोनतीन वर्षांनी ते वरून वाळायला लागतं, मग म्हणतात रोग पडला. रोग नसतो, बांधकामात मुळं मेलेली असतात.

मुळं खोल जातात हा समज काढून टाका. बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटीमीटरमध्येच असतात, आणि पाणी ओढणारी बारीक मुळं तर त्याच्याही वरच्या थरात, आणि ती फांद्यांच्या घेराच्या बाहेरही पसरलेली असतात. ब्रिटनच्या बीएस ५८३७ मानकात साधा हिशोब आहे, छातीच्या उंचीवर बुंध्याचा व्यास मोजा, त्याच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ काढा, ती त्या झाडाची राखीव जमीन. बुंधा ५० सेंटीमीटरचा असेल तर ६ मीटर त्रिज्या. तुमच्या प्रत्येक मोठ्या झाडाभोवती हे वर्तुळ नकाशावर काढा, घर कुठे बसू शकतं ते तिथेच अर्धं ठरतं. उतारावर ते वर्तुळ अगदी गोल नसतं, पण सुरुवात म्हणून उत्तम.

या वर्तुळात खोदायचं नाही हे सगळ्यांना कळतं. माती टाकायचीही नाही हे कळत नाही. बुंध्याभोवती वीतभर माती चढवली तरी मुळांना हवा मिळेनाशी होते, साल कायम ओली राहून कुजते. आणि त्यावरून जेसीबी एकदा जरी गेला तरी माती दाबली जाते, पाणी मुरणं थांबतं.

पर्याय एकमध्ये डोंगर तीन मीटर कापलात तर कापलेल्या कडेच्या वरची झाडंही धरा गेलीच, कारण त्यांची खालच्या बाजूची मुळं तुटली आणि जमिनीतलं पाणीही त्या कापातून निघून गेलं. ही झाडं नकाशावर 'राखलेली' दिसतात. आणि उतारावर ते नुसतं झाडांचं नुकसान नाही. झाड तोडलं तरी मुळं काही वर्षं माती धरून ठेवतात, मग कुजतात आणि नवीन मुळांनी जागा भरेपर्यंत उतार सगळ्यात कमजोर असतो. म्हणजे घर बांधून झाल्यावर, सगळे निर्धास्त झाल्यावर, धोका वाढलेला असतो.

खांबांच्या घराला इथे मोठा फायदा आहे. खांबाचा पाया दोन मुळांच्या मधे बसवता येतो, हाताने किंवा एअर स्पेडने (हवेच्या झोताने माती उडवणारं अवजार) वरची माती काढून जाड मुळं कुठे आहेत बघायचं आणि खांब हातभर इकडेतिकडे सरकवायचा. पण त्यासाठी स्ट्रक्चरमध्ये तेवढी सवलत आधीपासून ठेवायला हवी, ऐनवेळी इंजिनियर ऐकत नाही.

तुळई

ऐकतो की, आधी सांगितलं तर. खांबांची ग्रिड काटेकोर न ठेवता वर स्टीलची एक तुळई पट्टी घेतली की खालचा खांब त्या पट्टीखाली थोडा कुठेही येऊ शकतो. खड्डे खणायचे नसतील तर स्क्रू पाईल (जमिनीत स्क्रूसारखे फिरवून घालायचे स्टीलचे खांब) किंवा मायक्रोपाईल (बारीक भोक पाडून त्यात भरलेले खांब) आहेत, छोट्या मशीनने होतात. कातळ वर असेल तर सरळ कातळात अँकर, म्हणजे आत रोवलेली सळई. हे सगळं जिओटेक रिपोर्टवर.

सातपायऱ्या

मी अशाच घरात राहतो, उतारावर, झाडीत, अर्धं खांबांवर. आता बरीच वर्षं झाली, घर अजून आवडतं, परत बांधायचं झालं तरी तिथेच बांधेन. पण मासिकातल्या फोटोत न दिसणाऱ्या काही गोष्टी सांगतो.

घराखालची जमीन. फोटोत घराखालून जंगल वाहतंय असं दाखवतात. प्रत्यक्षात घराखाली पाऊस पडत नाही आणि ऊन येत नाही, त्यामुळे तिथलं गवत झुडपं हळूहळू मरतात आणि जमीन उघडी पडते, धुळीसारखी कोरडी. मग वरून वाहत आलेलं पाणी त्या उघड्या मातीत शिरलं की चर पडत जातात. आमच्याकडे एका खांबाच्या पायाचा वरचा काँक्रीटचा भाग उघडा पडला होता. शेवटी घराखाली पूर्ण मोठे दगड पसरले आणि वरच्या बाजूला पाणी अडवणारा चर काढला, आता ठीक आहे. तुम्ही हे पहिल्यापासून ड्रॉईंगमध्येच घ्या.

बांधताना आमच्या ठेकेदाराने पायातून निघालेली माती खालच्या उतारावर ढकलून दिली. आम्ही जागेवर गेलो तर खालच्या झाडांचे बुंधे गुडघाभर मातीत, आणि दोन बुंध्यांमधे डोळ्यादेखत भेग रुंदावत होती. ती माती परत वर आणायला माणसांनी पाट्या वाहिल्या, मशीन जाऊच शकत नव्हतं. करारात एक वाक्य टाका, निघालेली माती कुठे जाणार, कुठल्या वाटेने जाणार, आणि उतारावर एक पाटीसुद्धा टाकायची नाही.

सपाट छप्पर तुम्हाला हवंय. करा, पण झाडीत पानं पडतात, वर्षभर कुठलं ना कुठलं झाड पानं टाकतच असतं. आत लपवलेले गटर आणि बारीक आउटलेट असतील तर ते पहिल्याच पावसात तुंबतात. छपराला नीट ढाळ द्या, एकाच बाजूला, बाहेरून दिसणारं रुंद गटर, आणि तिथपर्यंत शिडी न लावता पोचता आलं पाहिजे. आमच्या वरच्या बाजूला छप्पर आणि डोंगर यात पाऊलभर अंतर आहे, एक छोटा फळीचा पूल टाकलाय, झाडू घेऊन चालत जातो. सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच ठरली.

ओल. झाडाखाली घर सुकायला वेळ लागतो. लाकूड वापरणार असाल तर ते वाळलं पाहिजे अशी जागा हवी. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी सुरू होते. जमिनीपासून किमान वीतभर वर, मागे हवेला फट, आणि कापलेली टोकं कुठेही उघडी नकोत.

आणि जिने. आमच्या हॅंडलवरून कळलंच असेल.

तिरपा_प्लॉट

@सातपायऱ्या, दादा हे सोनं आहे, खरंच. घराखालच्या जमिनीचं कोणीच बोललं नव्हतं. मातीचं वाक्य आजच करारात घालायला सांगते.

जिन्यांवरूनच पुढचा प्रश्न. सासूबाईंसाठी काय करायचं? स्प्लिट लेव्हल घर, म्हणजे अर्ध्या अर्ध्या मजल्याने उतरत जाणारं, उताराला छान बसतं असं सगळे म्हणतात, पण प्रत्येक खोलीला चार पायऱ्या म्हणजे त्यांना ते घर बंदच.

काचघर

रस्ता वर आहे हे तुमचं भाग्य समजा. वरून पुलावरून आत यायचं, आणि ज्या लेव्हलला आत येतो तिथेच बैठक, स्वयंपाकघर, एक बेडरूम आणि बाथरूम. रोजचं जगणं एका लेव्हलवर, पायरी एकही नाही. खालची लेव्हल तुमच्या दोघांची, पाहुण्यांची, अभ्यासाची. आर्किटेक्ट रिचर्ड मायरचं डग्लस हाऊस, अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराच्या काठच्या तीव्र झाडीच्या उतारावर, १९७३ चं, त्यातही रस्त्यावरून पुलावरून सर्वात वरच्या मजल्यावर प्रवेश आहे आणि घर खाली उतरत जातं. मला त्याचा पांढराशुभ्र रंग त्या रानात पटत नाही, पण प्रवेशाची कल्पना अगदी बरोबर.

पूल लांब आणि सपाट ठेवा, गाडी रस्त्यालगतच थांबवा. गाडी घरापर्यंत खाली न्यायचा मोह होतो, पण ड्राईव्हवेला १:५ पेक्षा जास्त चढ गैरसोयीचा, आणि ३० अंशांच्या उतारावर तेवढा ढाळ मिळवायला नागमोडी रस्ता काढावा लागतो, त्याचं कापणं भरणं घरापेक्षाही जास्त होतं. कितीतरी जंगलातल्या घरांचं खरं नुकसान घराने नाही, ड्राईव्हवेने केलेलं असतं. लिफ्टसाठी शाफ्टची जागा मात्र आत्ताच राखून ठेवा, आत्ता कपाटं करा तिथे. तुळई म्हणतायत तो ताठ गाभा आणि हा शाफ्ट एकच होऊ शकतो.

उनाड_मांजर

मला एक विचारायचंय, कॅन्टिलिव्हर का नाही? म्हणजे मागचा भाग डोंगरात घट्ट आणि पुढचा हवेत, खाली खांबच नाहीत. धबधब्यावर बांधलेल्या अमेरिकेतल्या त्या प्रसिद्ध फॉलिंगवॉटर घरासारखं. जमिनीला तर काहीच लागत नाही मग.

तुळई

सुंदर दिसतं, प्रश्नच नाही. पण फॉलिंगवॉटरचंच उदाहरण घेतलंत तर, फ्रँक लॉईड राईटने १९३५ मध्ये डिझाईन केलं, आणि त्याचे काँक्रीटचे सज्जे फॉर्मवर्क (ओतकामाचा साचा) काढल्याबरोबर वाकायला लागले आणि वाकतच राहिले, टोकाला जवळपास १८ सेंटीमीटर. २००२ मध्ये पोस्ट टेन्शनिंग करून, म्हणजे स्टीलच्या केबल ताणून बसवून, ते थांबवावं लागलं. दुसरी गोष्ट, पुढचं जेवढं हवेत तेवढं मागे धरून ठेवावं लागतं, म्हणजे मागे वजनदार पाया किंवा अँकर, म्हणजे डोंगरात जास्त खोदकाम. जमिनीला लागत नाही हे दिसायला, प्रत्यक्षात मागे जास्त लागतं. दीडदोन मीटरचा सज्जा बिनधास्त घ्या, त्याने खालचा खांब मुळांपासून लांब ठेवता येतो. अख्खी बैठक हवेत नको.

दुसरं टोक म्हणजे आर्किटेक्ट जॉन लॉटनरचं केमोस्फिअर घर, लॉस एंजेलिस, १९६०. ४५ अंशांचा उतार, एकच काँक्रीटचा खांब आणि त्यावर अष्टकोनी घर. त्याकडे बघून एक शिकावं, जितका उतार अवघड तितके जमिनीला टेकायचे बिंदू कमी आणि खोल.

काचघर

फॉलिंगवॉटरमधून घ्यायचंच असेल तर बारीक गोष्टी घ्या. चुलीपुढे मूळ कातळ तसाच जमिनीतून वर आलेला ठेवलाय. आणि बाहेरच्या एका काँक्रीटच्या तुळईला बुंध्याभोवती चक्क वळण दिलंय, झाडासाठी. तशी नजर महत्त्वाची, लांबलचक सज्जे नाहीत.

ठिणगी

मी आग विझवण्याच्या कामात होतो. आत्तापर्यंत कोणी हा विषय काढला नाही म्हणून लिहितो, आणि मला माहितीय की वर झाडांच्या बाजूने लिहिलेल्यांना हे आवडणार नाही.

उतारावर आग वर चढते. ज्वाळा वरच्या झाडोऱ्याच्या जवळ येतात, तो आधीच तापतो आणि पेट घेतो. ढोबळ नियम असा की दर १० अंश चढाला आगीचा वेग दुप्पट, म्हणजे २० अंशांवर सपाटीच्या चौपट. तुमचं घर ओढ्याच्या वर आहे, म्हणजे खाली लागलेली आग सरळ तुमच्या दिशेने येणार. खांबांवरचं घर म्हणजे खाली उघडी पोकळी, तिथे गरम हवा आणि निखारे अडकतात. पण बरीच घरं ज्वाळांनी नाही, वाऱ्याबरोबर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात, गटरमधली सुकी पानं, डेकच्या फळ्यांमधल्या फटी, छपराखालची जाळी नसलेली भोकं, यांतून.

म्हणून घराला लागून दीड मीटरच्या पट्ट्यात जळण्यासारखं काहीही नको, झुडूप नको, लाकडाचा ढीग नको, तिथे खडी किंवा दगड. घराची खालची बाजू न जळणाऱ्या शीटने बंद करा. हवेच्या भोकांना ३ मिलीमीटर किंवा त्याहून बारीक धातूची जाळी. प्लास्टिकची जाळी वितळते. काच दुहेरी आणि टफन्ड. आणि घराजवळची झाडं काढा.

मूळखोड

शेवटच्या वाक्यापर्यंत सगळं मान्य. पण ३० अंशांच्या उतारावर घराखालची मोठी झाडं काढली तर आग लागायच्या आधी घर घसरेल, वर लिहिलंय मी. मोठ्या झाडाचा जाड बुंधा सहज पेटत नाही, पेटते ती खालची सुकी झुडपं, पालापाचोळा, वेली, आणि त्यावरून आग शिडीसारखी वर फांद्यांत जाते. ती शिडी तोडा. खालच्या फांद्या दोनअडीच मीटरपर्यंत छाटा, सुकं उचला, झुडपांचे सलग पट्टे तोडून मधे मोकळी जागा ठेवा, छपरावर आलेल्या फांद्या कापा. मुळं जमिनीत राहू द्या.

ठिणगी

बुंध्यांचं पटतंय. छपरावर फांद्या नकोत आणि दोन झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले नकोत, एवढं झालं तर मी 'झाडं काढा' हे मागे घेतो. पण हे एकदा करून भागत नाही, दरवर्षी कोरड्या दिवसांच्या आधी करावं लागतं, आणि उतारावर उभं राहून करावं लागतं. त्यासाठी घराभोवती चालायला एक अरुंद सपाट पायवाट ठेवा, आग विझवायलाही तीच लागते. पाण्याची टाकी वर रस्त्यापाशी, उताराने पाणी आपोआप येईल अशी.

सातपायऱ्या

+१ पायवाटेला. दगडाची, कंटूरला धरून. पाणी अडवायचा चर आणि पायवाट शेजारी शेजारी काढली तर एकाच कामात दोन्ही होतं.

तिरपा_प्लॉट

पाण्याचा विषय सगळीकडून येतोय तर तोच विचारते. छपराचं पाणी कुठे सोडायचं? आणि सांडपाणी? आर्किटेक्टच्या ड्रॉईंगमध्ये घराखालीच शोषखड्डा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, दाखवलाय.

तुळई

तो खड्डा आजच खोडा. उतारात पाणी मुरवायचं आणि त्याच उतारावर घर उभं करायचं, हे एकत्र जात नाही. मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की मातीची पकड कमी होते, उतार घसरतात ते बहुतेक असेच.

छपराचा हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. दीडशे चौरस मीटर छपरावर ५० मिलीमीटर पडला की साडेसात हजार लिटर, आणि हे पाणी आधी सगळ्या उतारावर पसरून पडत होतं, आता एका पाईपच्या तोंडातून येणार. टाकीत जेवढं घेता येईल तेवढं घ्या, उरलेलं बंद पाईपने ओढ्याजवळ न्या आणि तिथे दगडांच्या थरावर सोडा म्हणजे वेग मोडेल. मधेच उतारावर सोडू नका. वरच्या बाजूला रस्त्यावरून येणारं पाणीही चराने अडवून बाजूने काढा. रस्त्याचं पाणी कोणीच धरत नाही आणि ते सगळ्यात जास्त असतं.

सांडपाण्याला छोटा प्रक्रिया संच घ्या. बाहेर पडणारं शुद्ध पाणी घराच्या पायांपासून लांब, कंटूरला समांतर बारीक नळ्यांतून थोडं थोडं सोडायचं, आणि ते कुठे सोडता येईल हे जिओटेकवाल्याला विचारूनच.

मूळखोड

आर्किटेक्ट जेफ्री बावांचं श्रीलंकेतलं कंदलमा हॉटेल मला यासाठीच आवडतं, १९९४ चं. भलं मोठं आहे, घर नाहीये, पण डोंगराच्या कड्याला धरून लांब वळत जातं आणि खांबांवर उचललेलं असल्यामुळे कड्यावरून येणारं पावसाचं पाणी इमारतीखालून पुढे तळ्याकडे जातं. वेली चढून चढून इमारत आता झाकली गेलीय. आधी पाण्याला वाट दिली, मग खोल्या बसवल्या असं तिथे वाटतं.

काचघर

काचेबद्दल थोडं, कारण ताईंना मोठ्या काचा हव्यात. झाडीत प्रकाश वरून आणि तिरपा येतो, समोरून कमी. सगळी भिंत काचेची केली तर समोर हिरवं छान दिसतं पण खोलीचा मागचा भाग, जो डोंगराला टेकलाय, तो अंधारा राहतो आणि दिवसा दिवे लावावे लागतात. मागच्या बाजूला छपराजवळ उंच आडवी खिडकी घ्या, तिथून येणारा उजेड भिंतीवरून खाली उतरतो. दोन बाजूंनी प्रकाश आला की डोळ्यांवर ताण येत नाही, हवाही खेळते.

समोरची काच पूर्ण उंचीची हवीच असेल तर एकाच ठिकाणी, जिथे झाडांमधून दूरचं दिसतं तिथे. बाकी ठिकाणी बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला येणाऱ्या खिडक्या. तुम्ही शेंड्यांच्या पातळीवर राहणार आहात, बुंध्यांच्या नाही, बुंधे बघायला खालच्या लेव्हलवर वेगळी खिडकी.

आणि पक्षी. काचेत झाडांचं प्रतिबिंब दिसतं आणि ते थेट येऊन आदळतात. काचेच्या बाहेरच्या अंगाला ठिपके किंवा बारीक रेघा, एकमेकांपासून ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर नको. आतून चिकटवलेले चालत नाहीत, प्रतिबिंब बाहेर असतं. एखादं ससाण्याचं स्टिकर लावून काही होत नाही. बाहेरून उभ्या लाकडी किंवा धातूच्या पट्ट्या लावल्या तर पक्षी, ऊन आणि रात्री बाहेर सांडणारा उजेड, तिन्ही एकदम सांभाळलं जातं.

तिरपा_प्लॉट

सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले, नंतर आर्किटेक्टना पण पाठवले. त्यांनी मनावर घेतलं, हे आधी सांगते, छान वाटलं.

आता असं ठरतंय. पहिला पर्याय रद्द. वरच्या बाजूला कातळ दिसतोय तिथे गाभा, त्यात जिना, बाथरूम आणि पुढेमागे लिफ्ट. पुलावरून थेट वरच्या लेव्हलवर प्रवेश, सासूबाईंची खोली तिथेच. पुढचा भाग खांबांवर, पण घराखाली बाजूने न जळणाऱ्या शीटने बंद आणि तळाला दगड. झाडांची वर्तुळं काढल्यावर कळलं की आम्हाला हवं होतं ते लांबट आयत बसतच नाही, घर मधे थोडं वळतंय, दोन मोठ्या झाडांच्या मधून. मला ते वळणच सगळ्यात जास्त आवडलं. दीडशेचं घर एकशेतीसवर आलंय, एक पाहुण्यांची खोली गेली, चालेल.

दोन प्रश्न राहिलेत. बोअर किती आणि कुठे घ्यायचे? आणि बांधकामात झाडं सांभाळायला नेमकं काय करायचं, कारण कामगार रोज बदलणार, त्यांना हे सगळं कोण सांगणार?

मूळखोड

सांगून नाही होत, अडवून होतं. कामाच्या पहिल्या दिवसाआधी त्या वर्तुळांभोवती पक्कं कुंपण, दोरी नाही, ठोकलेले खांब आणि जाळी. सिमेंट धुतलेलं पाणी कुठे ओतायचं ती जागा ठरवून द्या, ते पाणी मुळांना जाळतं. सामान ठेवायला आणि लोकांना ये-जा करायला पुलाचाच रस्ता, म्हणून पूल शेवटी नाही, सगळ्यात आधी बांधा. स्टील आणि भिंतींचे पॅनल कारखान्यात बनवून रस्त्यावरून क्रेनने उतरवता आले तर उतारावर पाय पडतीलच कमी. क्रेनचा हात कुठवर पोचतो ते आत्ताच बघून घ्या, त्यावर पॅनलचं माप ठरेल.

तुळई

बोअर किमान तीन, उताराच्या रेषेत. एक गाभ्याच्या जागी, एक सर्वात खालच्या खांबांच्या जागी, आणि तिसरा घराच्या खाली ओढ्याच्या बाजूला, जिथे तुम्ही काहीच बांधणार नाही आहात. तिसऱ्याला सगळे नाही म्हणतील, तिथे घर नाही तर बोअर कशाला म्हणून. पण घसरण सुरू होते ती बहुतेक वेळा पायथ्याशी, ओढा कड खात जातो तिथून. त्या बोअरमध्ये पाण्याची पातळी मोजायची नळी, पिझोमीटर, बसवून ठेवा आणि एक पूर्ण पावसाळा आकडे घ्या, मगच पायाचं फायनल डिझाईन. वाट बघायला लावतोय, माहितीय. घर वळतंय त्या ठिकाणचं ड्रॉईंग तयार झालं की टाका इथे, सांध्याजवळचा खांब कुठे येतोय ते बघू.

सातपायऱ्या

आणि तिथपर्यंत निदान तो वरचा चर खणून घ्या, त्याला कुठल्याच रिपोर्टची वाट बघायला नको. फक्त झाडांच्या वर्तुळांबाहेरून.